चाल छापता येत नाही : गोव्यातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या विभागांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील विद्यापीठाचे व महाविद्यालयांचे विभाग, तिथले प्राध्यापक आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी,

स.न.वि.वि.

पत्र लिहिणारा प्राध्यापक नाही, संशोधकही नाही. फोंडा तालुक्यात राहतो. जत्रेतल्या आणि स्पर्धेतल्या नाटकांना साऊंड देतो आणि पावसाळ्यात हंगाम बंद असतो तेव्हा लोकांची रेकॉर्डिंग साफ करून देतो. कुणाच्या भजनी मंडळाचं, कुणाच्या मुंजीचं, असंच काहीबाही. अलीकडे त्यात तुमची भर पडली आहे. विभाग पॉडकास्ट काढायचं ठरवतो, रेकॉर्डिंग होतं आणि मग एखादा विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा राहतो, “सर म्हणाले, आवाज जरा बघून द्या.” त्यामुळे तुमचे भाग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. हे भाग्य तुमच्या किती श्रोत्यांना लाभतं ते तुमचं तुम्ही पाहा.

आवाज मी बघून देतो. पंख्याची घरघर कमी होते, ‘प’ आणि ‘फ’चे फटके खाली आणता येतात. पण आत जे भरलेलं असतं त्यावर माझ्याकडे बटण नाही. मध्यंतरी एका महाविद्यालयाचा (नाव राहू दे) अर्ध्या तासाचा भाग आला होता. पहिली सहा मिनिटं प्राचार्यांचे आभार, समितीचे आभार, पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांचं शिक्षण, पुरस्कार, भूषवलेली पदं. मग पाहुण्यांनी त्या परिचयाबद्दल मानलेले आभार. आणि मध्ये दीपप्रज्वलन. हो, पॉडकास्टमध्ये. समई पेटलेली ऐकणाऱ्याला कळणार कशी हे कुणी विचारलं नसावं. काडी ओढल्याचा आवाज मात्र फार स्वच्छ आला होता.

विषय होता ‘गोव्यातील स्त्रियांची लोकगीते’. अख्ख्या भागात एकही गाणं नव्हतं.

पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या मुलाला मी सहज विचारलं, “अरे, गाणी कुठं आहेत?” तो म्हणाला, “गाणी माझ्या मोबाइलवर आहेत.” प्रकल्पासाठी त्यानं आपल्या आजीची आणि शेजारच्या बायकांची धालोची, म्हणजे पौषातल्या रात्री बायका गात-नाचत करतात त्या उत्सवाची, गाणी रेकॉर्ड केली होती. ती ऐकून त्यानं शब्द उतरवून काढले, टाइप केले, परिशिष्टात लावले, गुण मिळाले. मूळ रेकॉर्डिंग कुणी मागितलं नाही. तेव्हा ते मोबाइलवर तसंच पडून होतं, लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फोटो यांच्या गर्दीत.

आम्ही ते स्पीकरवर लावलं. सुरुवातीला कोंबड्या, मागे कुकरची शिटी, कुणीतरी कुणाला तरी पाट आणायला सांगतंय. मग दोन बायका एकदम गायला लागतात, दोघींची पट्टी वेगळी. पहिल्या ओळीत एक वर, एक खाली. दुसऱ्या ओळीत खालची वर चढते आणि सूर जुळतो. आणखी दोघी येऊन मिळतात. धालोत बायका समोरासमोर दोन रांगांनी उभ्या राहतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पण एका रांगेची ओळ संपायच्या आत दुसरी रांग तिचा शेवटचा शब्द उचलते, हे त्या पडवीत बसून गाणाऱ्या चौघींच्या गळ्यातही तसंच होतं. परिशिष्टात त्या ओळी एकाखाली एक छापल्या आहेत. कानाला त्या एकावर एक येतात. चाल कागदावर उतरत नाही, आणि ही चाल मोबाइल बदलला की जाणार.

पुढे तर मजाच. नातू आणखी एका गाण्याचा आग्रह धरतो आणि आजी सरळ नाही म्हणते. “हें मांडार गावपाचें, हांगा न्हय.” म्हणजे हे मांडावर गायचं, इथं नाही. तो का म्हणून विचारतो. मग मांड (धालो खेळायची ठरलेली जागा) म्हणजे काय, पौषातल्या त्या रात्री तिथं पायात वहाण का घालत नाहीत, घरात कुठलं गाणं चालतं आणि कुठलं चालत नाही, हे ती त्याला रागावून, समजावून, मध्येच हसून सांगते. ते ऐकताना मला वाटलं, हाच तुमचा पॉडकास्ट. वेगळा स्टुडिओ नको, पाहुणे नकोत, समई नको. आणि त्या मुलानं हे सगळं ‘वैयक्तिक बोलणं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, कारण परिशिष्टात त्याला रकाना नव्हता.

मला या पत्रातून एवढंच सांगायचं आहे. तुमच्याकडे आवाज आहेत. दरवर्षी प्रकल्प होतात, एम.ए.चे प्रबंध होतात, पीएच.डी. होतात. सत्तरीतलं रणमालं हे लोकनाट्य, पेडण्याचे दशावतारी, काणकोणच्या फुगड्या, खाण बंद पडल्यावर ट्रक विकलेल्या माणसाच्या मुलाखती, सगळं तुमची मुलं मोबाइलवर घेऊन येतात. पीएच.डी.चा प्रबंध पीडीएफ होऊन शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो, हे उत्तमच. पण ज्या रेकॉर्डिंगवर तो उभा आहे ते जपण्याची सक्ती कुणावर नाही. आता चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा आली, म्हणजे अशी रेकॉर्डिंग वाढणार आणि तेवढ्याच वेगानं हरवणार. पॉडकास्ट काढायचाच आहे तर त्यातून काढा. समारंभाची भाषणं लोक समारंभातही ऐकत नाहीत.

श्रोता कोण, हा प्रश्न तुम्ही बैठकीत घेतला आहे का? बहुतेक भाग ऐकताना वाटतं, श्रोता म्हणजे मूल्यमापनाला येणारी समिती. फाइलला एक लिंक लागते, ती लागली की काम झालं. माझ्या ओळखीचे श्रोते निराळे आहेत. कुंडईच्या, वेर्ण्याच्या कारखान्यांत कंपनीच्या बसनं जाणारी माणसं, कानात इअरफोन घालून बसलेली. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शिंपणं लावून बसलेला बागायतदार. दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइल लावून ठेवणारा दुकानदार. यातले पुष्कळ जण मुक्तीनंतर गावागावांत उघडलेल्या सरकारी मराठी शाळांतून शिकले. घरात कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात, भजन मराठी म्हणतात, आणि त्यांच्याच गावावर तुमच्याकडे झालेला प्रबंध त्यांनी कधी पाहिलेला नसतो. पाहिला तरी तो त्यांच्यासाठी लिहिलेला नसतो, आणि तसा नसणं हा काही गुन्हा नाही. पण तेच काम अर्ध्या तासात त्यांना ऐकवता येतं.

आणि भाषेचं घोडं मध्ये अडकवू नका. मराठी विभागाचा पॉडकास्ट आहे म्हणून आजीकडून पुस्तकी मराठी वदवून घेण्याचा प्रकार मी ऐकला आहे. ती बिचारी शाळेत उभी राहिल्यासारखी बोलते आणि तिसऱ्या वाक्याला गप्प होते. तिला तिच्या बोलीत बोलू द्या. गोव्यातला श्रोता कोकणी ऐकून मराठीत विचार करतो आणि उलटही, त्याला दुभाष्या लागत नाही. निवेदन मराठीत करा, बोलणाऱ्याचं बोलणं जसं आहे तसं ठेवा. कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादात घालवायची तेवढी वर्षं आपण घालवली आहेत. पॉडकास्टच्या प्रत्येक भागात तो खटला पुन्हा उभा करायची गरज नाही.

हे फक्त भाषा विभागांपुरतं नाही. घुमटाचंच घ्या, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडाला चामडं लावलेलं आमचं वाद्य. पूर्वी तोंडाला घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलं, बकऱ्याच्या चामड्याचं घुमट आलं आणि २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आता चवथीला आरतीला बसलेला कुठलाही म्हातारा तुम्हाला सांगेल, “पहिला नाद वेगळा होता.” कसा वेगळा होता? हे लिहून कळणार नाही. जुन्या रेकॉर्डिंगमधलं घुमट आणि आजचं घुमट एकापाठोपाठ वाजवा. चामडं कसं ताणतात ते कारागिराकडून घ्या. ताण बदलला की नाद का बदलतो ते भौतिकशास्त्रवाल्यांकडून आणि घोरपड का वाचवायची ते प्राणिशास्त्रवाल्यांकडून. पंधरा मिनिटांत चार विभागांचं काम झालं. नाहीतर तुमच्या महाविद्यालयात हे चार विभाग एकमेकांना चहाच्या सुट्टीतच भेटतात.

खाजन शेतीचंही तसंच, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचं. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरतीच्या पाण्याच्या दाबानं मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात, बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, कोरगुट भात खारं सोसतं. यावर आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी भरपूर लिहिलं आहे, जवळपास सगळं इंग्रजीत. मानशीजवळ मायक्रोफोन लावा. पाणी वळतं तेव्हा दार करकरतं, तो आवाज पहिल्या दहा सेकंदांत आला की ऐकणारा पुढचा भाग सोडणार नाही. मी नाटकवाला माणूस आहे. पडदा उघडायच्या आधी काय ऐकू येतं यावर प्रेक्षक बसतो की तंबाखू मळायला बाहेर जातो, हे मी रोज बघतो.

गोव्याला आवाजाचं महत्त्व कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. १९५५च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलात राहून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप असताना इथल्या घरांत दार लावून तो ऐकला जाई. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी स्टेटस ठेवले असतील. त्यांच्याकडे यंत्र जेमतेम, वेळ मोजका, आणि आपण कुणाशी बोलतोय हे पक्कं ठाऊक. त्यांनी परिचयात सहा मिनिटं घालवली असती का?

काही प्राध्यापक मला म्हणाले की आपल्याला खरं म्हणजे सामुदायिक रेडिओ हवा. असावा की. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं २००४ साली तो सुरू केला, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. पण परवाना, ट्रान्समीटर, मनोरा, रोजचे कार्यक्रम भरायला माणसं. आणि सामुदायिक रेडिओला परवानगी १०० वॉट प्रभावी शक्तीची. ताळगाव पठारावर, विद्यापीठ आहे तिथं, मनोरा उभारला तर पणजी आणि आजूबाजूला नीट ऐकू येईल. मधल्या डोंगरांपलीकडे काणकोणात किंवा वाळपईच्या वरच्या गावांत त्याचा काय उपयोग? पॉडकास्टला यातलं काही लागत नाही. अर्ध्या तासाचा नुसता बोलण्याचा भाग मोनोमध्ये ६४ केबीपीएसला काढला तर जेमतेम १४ एमबी होतो. स्टुडिओच्या नावाखाली काचेची खोली, निऑनचा बोर्ड आणि चार कॅमेरे मागण्याआधी हा हिशेब एकदा करा. दोन कॉलर माइक, एक साधा रेकॉर्डर आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर वर्षभर चालतं. खोलीत घुमत असेल तर गाद्या-गोधड्या आहेत. माझं अर्धं काम गोधड्यांवर चालतं.

पैसा घालायचाच असेल तर तो सांभाळण्यात घाला. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथंच सगळं फुटतं. मुलं भाग कुठल्यातरी फुकट ॲपवर चढवतात, तेही स्वतःच्या ईमेलवरून. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की मुलं जातात आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. पुढच्या वर्षीची मुलं नवं नाव, नवं बोधचिन्ह घेऊन पुन्हा भाग एकपासून सुरुवात करतात. मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर राहू म्हणाल, तर ॲपलनं विद्यापीठांसाठी २००७ साली काढलेलं आयट्यून्स यू २०२१च्या अखेरीस बंद केलं. गुगलनं आपलं पॉडकास्ट ॲप २०२४मध्ये गुंडाळलं. त्यांचा धंदा, त्यांची मर्जी. पण तुमच्या आजीचा आवाज त्यांच्या मर्जीवर का ठेवायचा?

पॉडकास्टची गंमत अशी की तो मुळात कुणा एका ॲपचा नाही. आरएसएस फीड म्हणजे एक साधी यादी, भागाचं नाव, तारीख आणि फाइल कुठं आहे तो पत्ता. ती यादी आणि त्या फाइली तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर असल्या की कुठलंही ॲप ती वाचतं, आणि एक ॲप मेलं तर दुसरं वाचतं. म्हणून मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं, डब्ल्यूएव्ही स्वरूपात (ज्यात आवाज दाबून फाइल लहान केलेली नसते), ग्रंथालयाकडे द्या. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं डिजिटल भांडार आहे, तिथं शोधनिबंध ठेवले जातात. ध्वनीही ठेवता येतील. तासाभराचं मोनो डब्ल्यूएव्ही साधारण ३२० एमबी. आजच्या काळात ही काही अवजड गोष्ट नाही. फाइलच्या नावात गाव, तारीख, कुणी गायलं, कुणी रेकॉर्ड केलं हे हवं. ‘न्यू रेकॉर्डिंग १७ फायनल फायनल’ या नावाच्या फाइली मी इतक्या पाहिल्या आहेत की माझ्या मुलाचं नाव तेच ठेवायला हवं होतं असं बायको म्हणते.

सोबत लिखित प्रतही ठेवा, युनिकोडमध्ये. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती हवीच. शिवाय ध्वनीत शोध घेता येत नाही, मजकुरात येतो. उद्या कुणाला ‘मानस’ किंवा ‘माटोळी’ (गणेश चतुर्थीला मूर्तीच्या वर बांधतात ती रानफळाफुलांची सजावट) हा शब्द शोधायचा झाला तर तो सापडला पाहिजे.

परवानगीचं मी तुम्हाला शिकवावं असं नाही, पण घडतं काय ते सांगतो. प्रकल्पासाठी म्हणून रेकॉर्ड केलेलं गाणं चार महिन्यांनी इन्स्टाग्रामवर दिसतं आणि गाणारीच्या सुनेला ते शेजारणीकडून कळतं. गाणारी बाई ही कायद्यानं कलाकार आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क वेगळे धरले आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. सही घ्या, आणि सही करता येत नसेल तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिच्या तोंडून परवानगी घ्या. कशासाठी, कुठं ऐकू येणार, नको झालं तर कुणाला सांगायचं, हे तिच्या भाषेत समजावून. तिनं “हांगा न्हय” म्हटलं तर ते गाणं नाही. तिचा नकार मात्र भागात ठेवायला तिला विचारा. त्या नातवानं विचारलं, ती हसून हो म्हणाली. आणि भागाच्या सुरुवातीला गाजलेल्या नाट्यगीताचा तुकडा चिकटवणं बंद करा. संगीत महाविद्यालयाच्या मुलांकडून घुमट-शामेळ आणि झांज यांचा वीस सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या, तो तुमचा स्वतःचा होईल.

आता विद्यार्थ्यांच्या श्रमाबद्दल. अर्ध्या तासाच्या एका चांगल्या भागामागे दोन-तीन तासांचं रेकॉर्डिंग, ते उतरवून काढणं, कापणं, निवेदन लिहिणं आणि परत एकदा गावात जाऊन खात्री करणं असतं. हे सगळं ‘तू टेक्निकल आहेस ना’ म्हणून एकाच मुलावर पडतं, आणि भागाच्या शेवटी नाव येतं संयोजक प्राध्यापकांचं. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, असा हिशेब तुमच्याकडे आहे. मग कौशल्याच्या विषयात दोन क्रेडिटचा पॉडकास्ट ठेवा, तिघा-चौघांचा गट करा, आणि गुण परिचयाच्या लांबीवर न देता कात्रीवर द्या. काय काढून टाकलं आणि का, हे ज्याला सांगता येतं त्याला संपादन कळलं. प्राध्यापकांनी भागात बोलू नये असं माझं म्हणणं नाही. तुमच्यातले काही जण सुंदर बोलतात, विशेषतः माइक बंद झाल्यावर. ती चहाच्या वेळची गोष्ट माइक चालू असताना सांगा.

एक शंका तुमच्याकडून येणार हे मला माहीत आहे : ऐकणार किती? कमी. सुरुवातीला पन्नास, शंभर. गावातल्या भजनाला तरी किती माणसं असतात? तरी पेटी काढतातच. आणि आजच्या श्रोत्यांवर हिशेब बंद होत नाही. धालोचं ते रेकॉर्डिंग आम्ही ज्या दिवशी साफ केलं त्या दिवशी मुलानं ते आपल्या मुंबईतल्या आत्याला पाठवलं. तिनं उलट दुसरं कडवं गाऊन पाठवलं, जे आजीला आठवत नव्हतं. तुमच्या पॉडकास्टला अशी उत्तरं येऊ लागली की तुमच्या संशोधनाला नवी सामग्री घरबसल्या मिळेल. त्यासाठी भागाच्या शेवटी एक व्हॉट्सॲप नंबर द्या, विभागाचा, कुणाच्या खासगी मोबाइलचा नव्हे.

माझ्याकडून होईल तेवढं सांगतो. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, मग माझ्या रात्री बांधलेल्या. त्याआधी, चवथीच्या आसपास, ज्या विभागाला हवं त्यांनी चार-पाच मुलं पाठवावीत. रेकॉर्डर माझा, माइक माझे, शिकवायचे पैसे नाहीत. पहिलं रेकॉर्डिंग माटोळीच्या बाजारात करू. फोंड्याच्या बाजारात सकाळी सहाला गेलात तर विकायला बसलेल्या बायका कुठल्या डोंगरावरून काय आणलं ते सांगत असतात, आणि वनस्पतिशास्त्राचा एखादा मुलगा बरोबर असला तर कुठल्या फळाला काय म्हणतात आणि त्यातलं काय दुर्मीळ होत चाललंय ते तो तिथल्या तिथं विचारू शकेल. मराठीचा मुलगा निवेदन लिहील. प्राचार्यांचा संदेश मात्र मी रेकॉर्ड करणार नाही, हे आधीच सांगतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक साऊंडवाला,
फोंडा

ता. क. मुलांना सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करताना तो एरोप्लेन मोडवर टाकायचा. रणमाल्याच्या एका अप्रतिम रेकॉर्डिंगमध्ये, नेमकं सूत्रधार बोलायला लागल्यावर, कर्ज हवंय का म्हणून विचारणारा फोन आला आहे. तो मला काढता आलेला नाही.